'दुर्मिळ मृदा' आणि मांडवीची काळी वाळू

रत्नागिरीहून प्रश्न आलाय : 'क्रिटिकल मिनरल्स'ना मराठीत 'दुर्मिळ मृदा' म्हटलेले चालेल का? आणि मांडवीची काळी वाळू त्यातच धरायची ना?

नाही आणि नाही. बातम्यांत लिथियमलाही 'दुर्मिळ मृदा' म्हणतात तेव्हा माझा चहा गार होतो. केंद्र सरकारने २०२३ साली ३० 'क्रिटिकल' खनिजांची, म्हणजे ज्यांच्यावाचून उद्योग अडतात पण पुरवठ्याची खात्री नाही अशांची, यादी काढली. दुर्मिळ मृदा (इंग्रजीत 'रेअर अर्थ्स') हा तिच्यातला एक गट, सतरा धातूंचा. लिथियम वेगळे, कोबाल्ट वेगळे. मांडवीच्या पुळणीवर चमचमते ते इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचे खनिज. टायटॅनियम यादीत आहे, मृदेत नाही. (जुन्या स्पीकरमधला चुंबक तिथल्या कोरड्या रेवेतून फिरवा, त्याला काळ्या मिशा फुटतील. तो मॅग्नेटाइट, लोखंडाचे खनिज.)

मुळात 'मृदा' हाच घोळ. जुने युरोपी रसायनज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या, भट्टीतही न बधणाऱ्या ऑक्साइडला 'माती' ('अर्थ') म्हणत. धातू जाळून उरते त्याला आपल्या वैद्यांकडे तयार शब्द होता : भस्म. 'विरळ भस्मे' म्हटले असते तर कोणाला कुदळ-फावडे आठवले नसते. यावर परिभाषेचे पंडित सांगतात, भस्म औषधाचे. बरं, मग मृदा कुंभाराची नाही वाटते? 'दुर्मिळ'ही तितकेसे खरे नाही. यातले सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतके आहे.

तरी त्यातल्या 'दुर्'ला मी हात लावू देणार नाही. कारण याच गटातले डिस्प्रोसियम! १८८६ साली लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनज्ञाने ते शोधले, तेही तीसेक खटपटी करून. वैतागून नाव दिले ग्रीक 'डिस्प्रोसितोस'वरून : हाती लागायला अवघड. हा 'डिस्' म्हणजे आपल्या दुष्काळातला, दुष्करातला 'दुस्'. उसना नव्हे, सख्खा भाऊ. 'दुष्प्राप्य' म्हणा, झाले भाषांतर. आणि नाव फळलेही : मोटरीतला चुंबक तापला तरी टिकावा म्हणून हे घालतात, आणि एप्रिल २०२५ पासून चीन ते परवान्याशिवाय बाहेर सोडत नाही. दुर्मिळ मृदांच्या शुद्धीकरणाचा ९० टक्क्यांच्या आसपास धंदा तिथेच, त्यामुळे खाण दुसऱ्याची असली तरी चावी त्यांची.

हां, 'क्रिटिकल'चे राहिलेच. 'कळीची खनिजे' म्हणा. 'महत्त्वपूर्ण' नको. महत्त्वाचे तर आमसूलही असते, पण ते संपले तर आमटीत चिंच चालते.