गटार जातं कुठे, ते आधी पाहून या

या वेळच्या टपालात सांडपाण्याचीच पत्रं जास्त आहेत. मिरग जवळ आला की लोकांना गटारं आठवतात, हा नोकरीतला जुना अनुभव. नगरपालिकेच्या जलनिःसारण खात्यात असताना जूनच्या पहिल्या आठवड्यात माझा फोन थांबत नसे. आता पत्रं येतात, एवढाच फरक.

प्रश्न : आमची छोटी खाणावळ आहे. सासूबाईंच्या काळापासून मोरीचं पाणी पुढच्या गटारात जातं. आता नोटीस आली की स्वयंपाकघराचं सांडपाणी गटारात सोडू नका. आम्ही रसायनं वापरत नाही. तेल, मसाला आणि मासे धुतलेलं पाणी, बस. कढत पाणी आणि भांड्यांचं लिक्विड ओतलं की सगळं वाहून जातं. मग नियम कसला?
— मालवण तालुका

ताई, वाहून जातं हे खरं. पण कुठपर्यंत? तुमच्या उंबऱ्यापासून दहा-वीस पावलांवरच्या वळणापर्यंत. तिथे पाणी निवतं, साबणाचा जोर ओसरतो आणि तेल पुन्हा वेगळं होऊन कडेला धरतं. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, हे पौष महिन्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. पामतेल तर त्याहून लवकर घट्ट होतं. त्यात सिमेंटमधला चुना मिसळला की त्या तेलाचा कडक, पांढरट, साबणासारखा थर बनतो. तो हाताने निघत नाही, पहारीने फोडावा लागतो. आमचा एक गटार साफ करणारा भाऊ असा तुकडा हातात घेऊन म्हणाला होता, "बाई, ह्यां तळलेल्या बांगड्याचा तेल आसा!" त्याचं निदान अचूक होतं. लंडनमध्ये 2017 साली व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली असाच गोळा सापडला. तो 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता, आणि तोही रसायनांच्या कारखान्यांतून आलेला नव्हता. स्वयंपाकाची चरबी आणि लोकांनी संडासात टाकलेले ओले पुसणे (वेट वाइप्स), यांचाच तो होता.

आपल्याकडे त्यात उधाणाची भर पडते. गटाराचं तोंड खाडीत उघडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला ते तोंड पाण्याखाली जातं आणि त्याच वेळी वरून पाऊस कोसळत असतो. गटार निम्मं तेलाने भरलेलं असेल तर ते पाणी जाणार कुठे? तुमच्याच ओटीवर. किंवा शेजारच्यांच्या, म्हणजे नोटीस का आली याचा अंदाज मला आहे.

कायद्याचं म्हणाल तर 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं 24 वं कलम आहे. ठरवून दिलेल्या मानकांबाहेरचा विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ कोणीही जाणूनबुजून ओढ्यात, विहिरीत, सांडपाण्याच्या वाहिनीत किंवा जमिनीवर सोडायचा नाही. थेट नाही आणि आडवाटेनेही नाही. यातला 'जाणूनबुजून' हा शब्द तुम्हाला आजवर थोडा आधार होता. नोटीस घरात आली, तो आधार गेला.

आता करायचं काय ते ऐका, कारण खाणावळ बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. मोरीच्या बाहेर, सावलीत, तेल अडवणारी टाकी बांधून घ्या. गवंड्याला 'ग्रीस ट्रॅप' म्हटलं तरी कळेल. आत आडव्या भिंती घालून दोन किंवा तीन कप्पे असतात. पाणी आत आलं की संथ होतं, निवतं. तेल वर तरंगतं, भात आणि खवले तळाशी बसतात आणि मधलं बऱ्यापैकी निवळ पाणी पुढे जातं. म्हणून बाहेर जाणाऱ्या नळाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली हवं. इथे गवंडी हमखास चुकतात, नळ वरच्या बाजूला ठेवतात आणि मग तेलच आधी बाहेर पडतं. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून टाकीचा पाव भाग व्यापला की ती उपसायची. मे महिन्यात आणि गणपतीत लवकर भरेल, एरवी सावकाश. आणि ताई, त्या टाकीत कढत पाणी आणि लिक्विड ओतू नका. अडवलेलं तेल पातळ करून तुम्हीच पुढे ढकलाल.

टाकीच्याही आधीचं काम घमेल्यात करायचं. ताटं धुण्यापूर्वी खरकटं कोरडं निपटून काढा. कढईतलं जुनं तेल मोरीत ओतायचंच नाही, डब्यात साठवायचं. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे तळणाच्या तेलातल्या टीपीसीचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्याच्या कामाचं राहत नाही. टीपीसी म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात तयार होणारी संयुगं. असं तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे नोंदणीकृत लोक असतात. तुमचं एकटीचं तेल न्यायला ते येणार नाहीत, पण वाडीतल्या पाचसात खाणावळींनी मिळून पिंप भरलं तर येतील. मासे धुतलेलं पाणी, साबण नसलेलं, माडाच्या आळ्यात घाला. सासूबाईंना विचारा, त्यांच्या काळात ते तिथेच जात असेल.

प्रश्न : माझा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. सांडपाणी तपासून घेतलं. बीओडी (म्हणजे कुजणाऱ्या घाणीचं माप) 280, तेल आणि ग्रीस 17, फिनॉल 3. सल्लागार म्हणतो सगळं 'सार्वजनिक मलवाहिनी'च्या मर्यादेत बसतं, बिनधास्त गटाराला जोडा. तरी हरकत घेतली गेली. आकडे बरोबर असताना हरकत का?
— वेंगुर्ले परिसर

आकडे बरोबर आहेत, रकाना चुकलाय.

केंद्राच्या 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांना जोडलेल्या सहाव्या अनुसूचीत हा तक्ता आहे. सांडपाणी कुठे सोडणार त्याप्रमाणे त्यात चार रकाने आहेत : नदीनाल्यांसारखं जमिनीवरचं पाणी, सार्वजनिक मलवाहिनी, सिंचनाची जमीन आणि समुद्रकिनारा. मलवाहिनीच्या रकान्यात बीओडी लिटरला 350 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तरंगता गाळ 600, तेल-ग्रीस 20, फिनॉल 5. तुमच्या सल्लागाराने वाचलं ते इथवर. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक तळटीप आहे, ती त्याने वाचली नाही किंवा वाचून गप्प बसला. त्या टिपेत म्हटलंय की हा रकाना लागू होतो तो मलवाहिनी पुढे जैविक प्रक्रिया असलेल्या दुय्यम प्रक्रिया केंद्रात जात असेल तरच. तसं नसेल तर ते पाणी थेट नदीनाल्यात सोडल्यासारखं धरायचं.

म्हणजे पहिला रकाना. तिथे बीओडी 30, गाळ 100, तेल-ग्रीस 10, फिनॉल 1. आता तुमचा अहवाल पुन्हा वाचा. बीओडी नऊपट वर आहे.

मलवाहिनीला एवढी सूट का, तर पुढे कोणीतरी ती घाण खाणार आहे म्हणून. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू ते काम करतात. बीओडी म्हणजे दुसरं काय, घाण खाताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्याचा हिशेब. आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस ठेवून तो मोजतात. केंद्र नसेल तर हा प्राणवायू खाडीतून ओढला जातो, आणि खाडीत त्याचे दुसरे गिऱ्हाईक असतात : बोय, कालवं, चिंबोऱ्या. कोकणातल्या बहुतेक गावांत रस्त्याकडेला जे वाहतं ते पावसाचं गटार. ते कुठल्याही केंद्रात जात नाही, वहाळात किंवा खाडीत जातं. म्हणून म्हणते, तक्ता उघडण्याआधी चपला घाला आणि गटाराच्या कडेने शेवटपर्यंत चालत जा. पाणी कशात पडतं ते बघा. तुमचा रकाना तिथे ठरतो.

फिनॉलबद्दल वेगळं सांगते, कारण ते तुमच्या धंद्याचंच आहे. काजूच्या टरफलातला डिंक हातावर पडला की कातडी सोलते, हे तुमच्याकडच्या बायका चांगल्याच जाणतात. तो डिंक फिनॉलवर्गीयच. बी भाजून विझवलेल्या पाण्यात किंवा वाफवण्याच्या भांड्याच्या निचऱ्यात तो उतरतो. हे पाणी बाकीच्या धुण्याच्या पाण्यात मिसळण्याआधीच वेगळं धरा, निवू द्या, वरचं तेल काढा आणि विझवायला तेच पाणी फिरवून वापरा. प्रक्रिया करायचं पाणीच कमी झालं की खर्चही आटोक्यात येतो. टरफलाच्या तेलाला रंग आणि ब्रेक लायनिंगच्या उद्योगात मागणी आहे, तेव्हा गटारात तुमचे पैसेही वाहतायत.

आणखी एक, कारण पुढचा सल्ला तोच मिळणार : विहिरीचं पाणी मिसळून आकडा खाली आणू नका. लिटरमागे घाण कमी दिसते, एकूण तेवढीच राहते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात मानकांबरोबर दिवसाला किती पाणी सोडायचं तेही लिहिलेलं असतं. तिथे पकडले जाल. संमतीपत्रातल्या अटी तक्त्यापेक्षा कडकही असू शकतात. असतील तर त्या लागू.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. सेप्टिक टँक भरून वर येतोय. पर्यटक नको ते संडासात टाकतात. ओळखीचा माणूस म्हणतो, रात्री पंप लावून पाखाडीच्या गटारात सोडू आणि तळाचा गाळ दोघे उतरून काढतील. चालेल का?
— दापोली तालुका

नाही. दोन्ही नाही.

आधी दुसरं. टाकीत माणूस उतरवायचा नाही. मैला कुजताना होणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास 'गेला' असं वाटतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला कामाला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. घरमालकाला वाटतं ठेकेदाराने बघावं. कायद्याच्या भाषेत कामाला लावणारे तुम्हीही असता.

पाखाडीच्या गटाराचं म्हणाल तर ते खालच्या वाडीतल्या विहिरींवरून जातं, याची मी पैज लावते. जांभा म्हणजे चाळण. त्यातून मैलापाणी गाळलं जाण्याआधीच उतरतं. शोषखड्डासुद्धा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा. जांभ्यात मी तर त्याहून लांब सांगते.

मैला उपसणारी गाडी बोलवा. नगरपरिषदेची असेल तर उत्तम, खासगी असेल तर ती रिकामी कुठे करणार हे विचारा आणि पावती घ्या. 'खाडीवर' असं उत्तर आलं तर दुसरी गाडी शोधा. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी, होमस्टेला लवकर. वेळ पावसाआधीची, पर्यटक ओसरल्यावर आणि चाकरमानी येण्याआधी. टाकी फायबरची असेल तर ऐन पावसात पूर्ण रिकामी करू नका, भोवतीचं भूजल तिला वर उचलतं.

पर्यटकांसाठी संडासात झाकणाची बादली आणि कागदी पिशव्या ठेवा. सॅनिटरी पॅड गुंडाळून कचऱ्यात वेगळं द्यायचं, गटारात टाकायचं नाही. ओल्या पुसण्यांच्या पाकिटावर 'फ्लश करा' लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. आणि जिवाणूंची बाटली विकायला कोणी आला तर चहा देऊन पाठवा. जिवाणू टाकीत फुकट आहेत, तुम्ही ॲसिड आणि फिनाइल ओतून ते मारू नका म्हणजे झालं.

प्रश्न : होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. जुनं ऑइल थोडंच असतं. गटारात सोडलं तर कोणाला त्रास?
— रत्नागिरी

वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, थोडं असलं तरी. बंद कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्या. भाऊ, ज्या जाळ्यांच्या जिवावर तुमचं गिऱ्हाईक जगतं, ती जाळी त्याच खाडीत पडतात. पेट्रोल आणि रॉकेलने पुसलेल्या पार्ट्सचं धुणं तर बंद गटारात अजिबात नको. 1992 साली मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात गळक्या नळातून गटारांत पेट्रोल उतरलं आणि रस्तेच्या रस्ते उडाले. दोनशेहून जास्त माणसं मेली.

प्रश्न : पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून सेप्टिक टँकला जोडलं तर टँक धुतला जाईल ना?
— गुहागर

धुतला जाईल, तेच तर नको. आतला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जाईल आणि खड्डा बुजेल. पागोळ्या विहिरीला किंवा माडांना द्या. पहिल्या दोन सरींचं पाणी मात्र सोडून द्या. कौलांवर वर्षाची धूळ आणि कावळ्यांचे उद्योग असतात.