डिस्कचा रंग पापुद्र्यांनी सुटतो

प्रश्न : पिकअपच्या चाकांच्या पाच लोखंडी डिस्क (टायर बसतो ती रिम) गंजल्यात. पावडर कोटिंग परवडत नाही. ऑइलपेंट मारला होता, तो पापुद्र्यांनी सुटला. काय करावं?

उत्तर : पापुद्रे सुटले म्हणजे रंग गंजावर नाहीतर ग्रीसवर बसला होता. टायर उतरवून घ्या. टायर चढवलेला ठेवला तर कडेचा गंज तसाच राहतो. आधी डिझेलने ग्रीस काढा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुटा गंज काढा (डोळ्यांना चष्मा हवाच, तारा उडतात) आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी चीर दिसली तर ती डिस्क भंगारात. वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका.

शेवटी थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळी हवेत उघडं लोखंड रातोरात तांबूस होतं. पाच डिस्कना रेड ऑक्साइड प्रायमर एक लिटर, इनॅमल एक लिटर पुरतं. दोन्हींचे दोन-दोन पातळ हात द्या. इनॅमलमध्ये एनसी थिनर (लॅकरसाठीचा तीव्र थिनर) घालू नका, खालचा हात सुरकुततो; टर्पेंटाइन घाला.

नट बसतात त्या खोलगट जागा आणि हबला (डिस्क जिच्यावर बसते ती चाकाची मधली बैठक) टेकणारा भाग मास्किंग टेपने झाका. तिथला जाड रंग दबतो आणि नट ढिले पडतात. रंग आठवडाभर कडक होऊ द्या, मगच टायर चढवा. गाडी ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) पुन्हा तपासा.