आधी विचार, घरी कोण येतं

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

काल फोनवर म्हणालीस, "मॅडम, त्या पेशंट आजोबांच्या मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन चांगलं झालंय, एक्स-रे छान आहे, तरी ते पलंगावरून उतरत नाहीत. कोणता व्यायाम वाढवू?" व्यायामाचं नंतर बघू. पडायच्या आधी ते संध्याकाळी कुठे बसायचे, कोणाबरोबर, हे विचारलंस का?

मी हे उशिरा शिकले. पंचवटीतल्या एका वाड्यात आजी न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. टाके ओले आहेत म्हणून मीच सुनेला बजावलं, बायकांची गर्दी नको. शेजारणींनी ते इतकं पाळलं की महिनाभर कुणी फिरकलं नाही. आजींचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. वॉकरवर चार पावलं टाकायच्या आणि "पुरे गं" म्हणून बसायच्या. मग एका सकाळी समोरच्या काकू मेथीच्या दोन जुड्या घेऊन ओट्यावर बसल्या आणि तिथूनच हाक मारली, "येता का निवडायला?" पलंगापासून ओटा पंधरा पावलं, मध्ये उंच उंबरा. आजी उठल्या. उंबऱ्याशी थांबल्या, वॉकर पलीकडे ठेवला, माझा दंड घट्ट धरला आणि गेल्या. पाऊण तास मेथी निवडली, पाठ टेकायची आठवणसुद्धा झाली नाही.

पडलेल्या माणसाला पुन्हा पडायची धास्ती बसते. धास्तीपायी बाहेर जाणं बंद, बसून बसून मांड्या झडतात, आणि मग खरोखरच तोल जातो. एकट्या घरात हे फार झपाट्यानं होतं. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांना माणसांचा आधार होता, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ते सगळे काही हाड मोडलेले नव्हते, पण आपल्या पेशंटकडे बघताना मला तो आकडा आठवतो.

म्हणून वहीत 'वॉकरवर वीस मीटर' एवढंच लिहू नकोस. 'बुधवारच्या बाजारातून भाजी आणणं' असं लिही, मग त्याचे टप्पे पाड. भेटायला आलेल्यांना पलंगाशी बसवू नकोस, खुर्च्या बाहेरच्या खोलीत मांड. चष्मा आणि कानाचं मशीन आधी तपास. ऐकू येत नसलं की माणूस चारचौघांतही एकटा पडतो. मुलांचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल येतो, तो हवाच, पण त्यासाठी पलंगावरून उठावं लागत नाही.

आणि हाडांच्या ठिसूळपणाची औषधं, डाळ-दूध-अंडी, रोजचा व्यायाम यांत सूट नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर एकटेपणाच्या खात्यावर टाकू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

बोलता बोलता तू म्हणालीस, सोसायटीच्या बाकावर त्यांच्या वयाचे चौघं सहाला जमतात. त्यांतल्या एकाला उद्या वर चहाला बोलाव. तू साडेपाचला जा आणि आजोबांची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेव.

तुझी,
मॅडम