टॅबचं नंतर बघू, आधी कामांची यादी वाचा

प्रश्न : आम्ही तासगावजवळचे, द्राक्षबाग आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली होती. सध्या ती एका इलस्ट्रेटर बाईंच्या मागे वेडी झाली आहे. त्यांनी अलीकडे कोणती कामं केली, कोणते ब्रश वापरतात, कुठे शिकल्या, कुणाची चित्रं त्यांना आवडतात, सगळं वहीत उतरवून ठेवलंय. त्या पानांचे फोटो सोबत पाठवतो. तिला तसाच टॅब आणि त्यांनी सुचवलेला ऑनलाइन कोर्स हवाय. माझ्या चुलतभावाच्या बेदाण्याच्या बॉक्सवरचं चित्र तिनं काढून दिलं, तेवढंच काय ते काम. त्यानं खाऊला पाचशे रुपये दिले. चित्रं काढून पोट भरतं का? टॅब घ्यावा का? बारावीनंतर कुठे पाठवू?

उत्तर :

नमस्कार. वहीची पानं नीट पाहिली. ब्रशच्या नावांना तिनं साडेतीन पानं दिलीत आणि त्या बाईंच्या कामांच्या यादीला अर्धं. तुम्ही दोघांनी ते अर्धं पान पुढ्यात घेऊन बसावं, कारण पोट भरतं का याचं उत्तर त्यातच आहे.

यादीत काय आहे? लहान मुलांचं २४ पानी पुस्तक, एका मासिकाचं दरमहा एक पान, चहाच्या पाकिटांची मालिका, दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डची भिंत, पाठ्यपुस्तकातले काही धडे आणि शेवटी 'स्वतःसाठी' म्हणून जुन्या वाड्यांची स्केचेस. सहापैकी पाच कामं दुसऱ्या कुणीतरी सांगितलेली आहेत. मासिकाचं पान दरमहा ठरलेले पैसे देतं, पुस्तक कित्येक महिने खातं, आणि पाकिटाचं काम एकदाच येतं पण बहुधा त्यातच दर बरा मिळतो. या व्यवसायात पोट भरतं ते असं, चार ठिकाणांहून. पहिली काही वर्षं ओढाताण होते. बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको, पैसा कधी हाती येईल याचा भरवसा नसतो.

वसंत सरवटे हे नाव तुमच्या पिढीला माहीत असेल. पु. ल. देशपांडे यांच्या अनेक पुस्तकांतली चित्रं त्यांचीच. सरवटे शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. सिमेंट कंपनीत नोकरी सांभाळून त्यांनी मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं काढली. दुसरीकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर पूर्णवेळ संसार उभा केला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. तुमच्या मुलीची कोणती, हे अकरावीत ठरवायची घाई नको.

आता तिला एक काम सांगतो. एका पानावर एकच वाक्य आहे असं धरायचं : 'आजी शेडमध्ये बेदाणा निवडत होती आणि मनीचं लक्ष मात्र छपराकडे होतं.' याचं दोन पानं मिळून पसरलेलं एक चित्र काढायचं. सुरुवातीला काडेपेटीएवढे आठ-दहा कच्चे चौकोन, त्यांना धंद्यात थंबनेल म्हणतात. छपरावर काय आहे ते दाखवायचं की वाचणाऱ्या पोराला ओळखू द्यायचं? वाक्य कुठे छापलं जाणार, म्हणजे आकाश किती मोकळं सोडायचं? पुस्तक मधोमध जिथं दुमडतं तिथं आजीचं तोंड आलं तर ते शिवणीत जाईल, मग आजी डावीकडे की उजवीकडे? जाळीच्या रॅकवर पसरलेली द्राक्षं एकेक काढायची की चार ठिपक्यांत भागवायची? ऊन रॅकच्या जाळीतून येतं तेव्हा आजीच्या लुगड्यावर कसं पडतं? हे शेवटचं तिला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा जास्त माहीत असणार. मग तीच मनी आणखी सहा पानांवर काढायची, उभी, पळणारी, रडवेली, पाठमोरी. आठव्या पानावरची मनी पहिल्या पानावरच्या मनीसारखी दिसली पाहिजे. इन्स्टाग्रामवर एकेक सुंदर चित्र टाकणारे पुष्कळ आहेत. आठ पानं तेच पात्र टिकवणारे कमी, आणि प्रकाशक अशांनाच शोधत असतो.

याला टॅब लागत नाही. कागद, पेन्सिल, एक काळं फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन. म्हणून टॅबचं उत्तर : आता नको. मनीची आठ पानं पूर्ण झाली आणि तिला पुढचंही काढायची हौस राहिली, तर घरच्या कॉम्प्युटरला जोडायचा साधा पेन टॅब्लेट घ्या, त्यावर 'क्रिटा' हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. छपाईसाठी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे काय, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) का सोडतात, स्क्रीनवरचा चमचमता पोपटी छापल्यावर मातकट का होतो, हे सगळं त्यावर शिकता येतं. आयपॅड आणि त्यावरचं 'प्रोक्रिएट' हे चित्रं काढायचं ॲप ही चांगली जोडी आहे, नाही म्हणत नाही. पण ती पहिल्या कमाईतून यावी.

कोर्सचंही तेच. 'ड्रॉ अ बॉक्स' (Drawabox) नावाची रेखाटनाची मोफत शिकवणी नेटवर आहे, इंग्रजीत आहे पण सोपी आहे. रेषा आणि पेट्यांपासून सुरू होते, कंटाळवाणी वाटेल, करू द्या. तिचा एक नियम मला फार आवडतो : चित्रकलेचा निम्मा वेळ फक्त मजेसाठी काढायचा. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं मुलांची सचित्र पुस्तकं खुली ठेवलीत, मराठीतही आहेत. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंकही नेटवर फुकट वाचता येतात. त्यातला एकेक अंक घेऊन, कोणत्या मजकुरावर चित्रकारानं नेमका कोणता क्षण पकडलाय, हे तिनं वहीत लिहावं. ब्रशच्या साडेतीन पानांनंतर हे करणं गरजेचंच आहे.

प्रेरणास्थानांच्या यादीत तिनं अकरा नावं लिहिलीत, बरीचशी जपानी आणि युरोपीय. असू देत. पण आपल्याकडचं एकही नाव नाही याचं मला वाईट वाटलं. माधुरी पुरंदरे यांची मुलांची पुस्तकं तिच्या हातात द्या. लिहिणारी आणि काढणारी एकच व्यक्ती असली की चित्र आणि वाक्य एकमेकांना कशी जागा देतात ते कळतं. शि. द. फडणीस यांची शब्द नसलेली हास्यचित्रं दाखवा. आणि एखाद्या रविवारी विट्यामार्गे औंधला जा. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्मा, धुरंधर यांची अस्सल चित्रं तिथं आहेत, इतकंच काय, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही आहे. ते उभारणारे औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे तेच, स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी अख्खं रामायण चित्रांत काढलं होतं. संस्थानिकाला कारभारातून एवढी सवड कशी मिळायची देव जाणे! मोबाइलवर बोटाएवढं पाहिलेलं चित्र आणि भिंतीवरचं चित्र यांत किती फरक असतो, ते तिला तिथं कळेल.

बारावीनंतरचं थोडक्यात. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही चार वर्षांची पदवी, राज्याच्या सीईटी सेलची कला शाखेची सीईटी देऊन प्रवेश मिळतो. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. इंटरमिजिएट केलेल्या मुलीला यातलं काही परकं नाही. इलस्ट्रेशनसाठी बीएफएतली उपयोजित कला (कमर्शियल आर्ट) ही शाखा जवळची. सांगली, कोल्हापूर, पुणे, सगळीकडे कला महाविद्यालयं आहेत. मुंबईच्या जे. जे.ला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी पाहावी लागेल. डिझाइनकडे जायचं असेल तर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट, या दोन्ही प्रवेशपरीक्षा कुठल्याही शाखेच्या बारावीला खुल्या आहेत. सायन्स सोडायची गरज नाही. फक्त फीचे आकडे आधी विचारून घ्या, डिझाइन संस्थांचे बरेच चढे असतात.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी घाबरवणारच. स्वस्तातली, कुणाचीही चालतील अशी चित्रं त्यानं गिळायला सुरुवात केलीय, हे खरं. मनीची आठ पानं आणि शेडमधलं ऊन माहीत असणं, याला अजून मागणी आहे.

राहिला बेदाण्याचा बॉक्स. तुम्ही त्याला 'तेवढंच काय ते काम' म्हणालात. अहो, तेच तिचं पहिलं व्यावसायिक काम! चहाची पाकिटं आणि बेदाण्याचा बॉक्स यांत जातीचा फरक नाही. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, व्यापारी चांगलं पॅकिंग शोधतायत, आणि हे गिऱ्हाईक तुमच्या दारात आहे. फक्त कागद करायला शिका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून साधा एक पानी कागद : चित्र कशावर छापणार, किती वर्षं, किती वेळा बदल करून देणार, आगाऊ किती आणि बाकी केव्हा. ती अठराची होईपर्यंत सही तुम्ही करा.

पाचशे रुपयांचं जुनं प्रकरण उकरून काढू नका, भावकीत उगाच तेढ येईल. पुढच्या हंगामाचा बॉक्स सांगायला तुमचे चुलतभाऊ आले की आधी हा कागद पुढे करा आणि दर मुलीलाच बोलू द्या. तुम्ही मधे पडलात तर ती परत खाऊवर भागवेल.