‘ओएच’ दिसला म्हणजे अल्कोहोलच का? हायड्रॉक्सिल गटाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ओएच (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी) आहे आणि इथेनॉलमध्येही ओएच आहे. मग पहिल्याने तांबडा लिटमस निळा होतो आणि दुसऱ्याने होत नाही, असे का? (दहावीची विद्यार्थिनी)

उत्तर : दोन्हीकडे अक्षरे तीच असली तरी ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. सोडियम हायड्रॉक्साइडमधील ओएच हा ऋण प्रभार असलेला आयन आहे. सोडियमशी असलेला त्याचा बंध आयनिक असल्यामुळे पाण्यात तो सुटा होतो आणि द्रावण आम्लारिधर्मी बनते. इथेनॉलमधील ओएच मात्र कार्बनला सहसंयुज बंधाने जोडलेला क्रियात्मक गट, म्हणजे संयुगाचे रासायनिक वर्तन ठरवणारा अणूंचा गट, आहे. इथेनॉल पाण्यात कितीही मिसळले तरी हा बंध तुटत नाही, हायड्रॉक्साइड आयन सुटत नाहीत आणि लिटमसचा रंग जसाच्या तसा राहतो. म्हणून पहिल्याला हायड्रॉक्साइड म्हणायचे आणि दुसऱ्याला हायड्रॉक्सिल. उत्तरपत्रिकेत या नावांची अदलाबदल झाली आणि गुण कापले गेले, तर परीक्षकांना दोष देता येणार नाही.

प्रश्न : पुस्तकांत कुठे ‘हायड्रॉक्सिल’, कुठे ‘हायड्रॉक्सी’, तर कुठे नावाच्या शेवटी नुसते ‘ऑल’ आढळते. यांपैकी बरोबर कोणते?

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, पण आपापल्या जागी. आयुपॅक या रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे रेणूतील सर्वांत वरिष्ठ गट ओएच असेल, तर नावाच्या शेवटी ‘ऑल’ येते. उदाहरणार्थ, इथेनॉल किंवा प्रोपेन-२-ऑल. त्याच रेणूत कार्बोक्झिलिक आम्ल, अल्डिहाइड किंवा कीटोन यांपैकी एखादा वरिष्ठ गट असेल, तर शेवटची जागा त्याला मिळते आणि ओएचची नोंद ‘हायड्रॉक्सी’ या उपसर्गाने होते. दह्यातील लॅक्टिक आम्लाला २-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक आम्ल म्हणतात ते यामुळेच. अमीन गट मात्र ओएचहून कनिष्ठ असल्याने २-अमिनोइथेनॉल या नावात ‘ऑल’ शेवटी टिकून राहते.

राहता राहिले ‘हायड्रॉक्सिल’. वर्गात आणि जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत ते गटासाठी सर्रास वापरले जाते. आयुपॅकने मात्र ते एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या, सुट्या ओएच या मुक्त मूलकासाठी राखले आहे. हा मूलक वातावरणात मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्याशी अभिक्रिया करून त्यांना हवेतून कमी करतो आणि स्वतः जेमतेम सेकंदभर टिकतो. माझ्या मते ‘हायड्रॉक्सिल गट’ म्हणायला हरकत नाही, मात्र ‘गट’ हा शब्द गाळू नये.

प्रश्न : फेनॉलच्या नावातही ‘ऑल’ आहे. मग फेनॉलला अल्कोहोलमध्ये का धरत नाहीत?

उत्तर : कारण क्रियात्मक गटाचे वर्तन तो कोणत्या कार्बनला जोडलेला आहे यावर ठरते, आणि याचे फेनॉलइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. फेनॉलमध्ये ओएच थेट बेंझीनच्या वलयातील कार्बनला जोडलेला असतो. त्यातील हायड्रोजन आयन निघून गेल्यावर ऑक्सिजनवर उरणारा ऋण प्रभार वलयातील इलेक्ट्रॉनांच्या मेघात पसरतो, त्यामुळे उरलेला आयन अधिक स्थिर होतो आणि मुळात तो हायड्रोजन आयन निघणेच सोपे जाते. इथेनॉलमध्ये प्रभाराला पसरायला अशी जागा नसते. आम्लाची प्रबळता पीकेए या अंकाने मोजतात; तो एकाने कमी झाला की आम्ल दहापट प्रबळ. इथेनॉलचा पीकेए सुमारे १६ आणि फेनॉलचा सुमारे १० आहे. म्हणजे आम्ल म्हणून फेनॉल सुमारे दहा लाख पटींनी प्रबळ आहे. तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळतो. पण तो कार्बोनिक आम्लाहून दुर्बल असल्याने खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे काढू शकत नाही, जे व्हिनेगरला सहज जमते. फेरिक क्लोराइडने येणारा जांभळा रंग ही फेनॉलची प्रयोगशाळेतील ओळख आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमेच्या निर्जंतुकीकरणासाठी जे ‘कार्बोलिक आम्ल’ वापरले, ते हेच फेनॉल.

केवळ वलय दिसले म्हणून मात्र फसू नये. बेंझिल अल्कोहोलमध्ये वलय आणि ओएच यांच्यामध्ये एक कार्बन आहे, म्हणून ते अल्कोहोलच ठरते. पुदिन्यातील मेन्थॉलमध्येही वलय आहे, पण ते बेंझीनचे नाही. त्यामुळे तेही अल्कोहोल. याउलट ओव्यातील थायमॉल आणि लवंगेतील युजेनॉल ही दोन्ही फेनॉल वर्गातील संयुगे आहेत.

प्रश्न : चेहऱ्याच्या क्रीमवर ‘अल्फा हायड्रॉक्सी’ आणि ‘बीटा हायड्रॉक्सी’ आम्ल असे लिहिलेले असते. याचा अर्थ काय?

उत्तर : कार्बोक्झिल गटाला (आम्लातील सीओओएच या गटाला) लागून असलेला कार्बन म्हणजे अल्फा आणि त्याच्या पुढचा बीटा. ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लांत ओएच अल्फा कार्बनवर असतो, म्हणून ती अल्फा हायड्रॉक्सी आम्ले. प्रसाधनांच्या बाजारात ‘बीटा’ म्हणजे बहुधा सॅलिसिलिक आम्ल. मोजणीने त्यातील ओएच बीटा स्थानावर येतो हे खरे, पण तो बेंझीनच्या वलयावर असल्यामुळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो फेनॉलचा ओएच आहे आणि फेरिक क्लोराइडने तसा रंगही देतो. ‘बीटा’ या लेबलातून ही महत्त्वाची गोष्ट कळत नाही. सॅलिसिलिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलकट माध्यमात मात्र मिसळते. मुरुमांवरच्या क्रीममध्ये ते वापरण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : कोलेस्टेरॉल आणि पेट्रोल ही दोन्ही अल्कोहोल आहेत का?

उत्तर : कोलेस्टेरॉल आहे, पेट्रोल नाही. कोलेस्टेरॉलमध्ये एक ओएच गट आहे, पण त्याच्यामागे २७ कार्बनांचा सांगाडा असल्याने ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दोनच कार्बनांचे इथेनॉल मात्र पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. पेट्रोल हे मुख्यतः हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्याच्या नावातील शेवट तेल या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेला आहे. आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये ओएच सापडतोच, पण तो त्यात मिसळलेल्या इथेनॉलचा असतो.