फळ्यावर एक, बाकीचे काय करतात?

शाळा सुरू झाल्यापासून प्राथमिकच्या शिक्षकांचे जे प्रश्न आले, त्यांत इंटरॅक्टिव्ह बोर्डाचे, म्हणजे बोटाने किंवा पेनने चालणाऱ्या डिजिटल फळ्याचे, बरेच आहेत. त्यातले काही इथे घेतो.

दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एकत्र, मुलं चौदा. बोर्ड आला तेव्हा आठ दिवस मुलं खिळून होती. आता एक जण फळ्याशी गेला की बाकीचे ढकलाढकली करतात, नाहीतर "बाई, माझी पाळी कधी?" चालू. काय करू? – शिक्षिका, गुहागर तालुका

बाई, मुलांचं काही चुकत नाही. एक जण फळ्याशी, म्हणजे तेरा जण रिकामे. सहा वर्षांचं मूल नुसतं बघत बसेल ही अपेक्षाच चुकीची. लंडनच्या माध्यमिक शाळांत असे बोर्ड मोठ्या प्रमाणावर बसवले, तेव्हाच्या पाहणीचा अहवाल २००७ मध्ये आला. गुणांत म्हणावा तसा फरक दिसला नव्हता. शिवाय अभ्यासात मागे असलेल्या गटांत एकेकाला फळ्याशी बोलावत राहिल्याने वर्गाचा वेग उलट मंदावतो, असंही त्यात नोंदवलेलं होतं. तिकडे मुलं मोठी होती. आपल्याकडे पहिली-दुसरीला तर हे जास्तच जाणवणार.

उपाय जुनाच आहे, पाटी. फळ्यावर काहीही हलवण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर पाटीवर लिहायचं आणि "दाखवा" म्हटलं की पाट्या वर. समजा पडद्यावर २७ काड्या विखुरल्या आहेत. दहाचे गठ्ठे किती, सुट्या किती? कुणाच्या पाटीवर २ आणि ७ येईल, कुणाच्या ७ आणि २. अशी वेगवेगळी उत्तरं असलेल्या दोघांनाच उठवा. एकाने बोटाने काड्या ओढून गठ्ठा करायचा, दुसऱ्याने मोठ्याने मोजायचं, बसलेल्यांनी पाटीवर बरोबर-चूक करायचं. गठ्ठ्यात अकरा काड्या गेल्या तर कुणीतरी ओरडतंच. मग एक पाऊल मागे जायचं बटण दाबा आणि पुन्हा मोजा. खडूने काढलेल्या काड्यांच्या बाबतीत पुसून सगळं परत काढण्यात तास संपतो. बोर्डाचा खरा फायदा इथे आहे. मात्र त्याआधी माडाच्या हिरांचे खरे गठ्ठे मुलांनी हातांनी बांधलेले असावेत. दुसरी फळ्याशी असताना पहिलीला तेच काम द्या, दहा मिनिटांनी अदलाबदल. मधल्या वेळात पडदा काळा ठेवा. उजळ पडदा दिसत असला की मुलांचं लक्ष तुमच्याकडे राहत नाही.

तयार धड्यांत सफरचंद आणि आगगाड्या फार. त्यापेक्षा मोबाइलवर आपल्या वाडीतले फोटो काढा: नारळ, रातांबा, फणस, काजू. दोन चौकोन करा, 'बी आत' आणि 'बी बाहेर'. काजूवर वर्ग भांडतो. बोंडूच्या टोकाला बी लटकलेली सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती कुठल्या चौकोनात टाकायची हे ठरवताना पहिल्यांदा नीट विचार होतो. ते भांडण लवकर मिटवू नका.

आमचा बोर्ड पावसात भुताने झपाटल्यासारखा वागतो. कुणी हात न लावता रेघा उमटतात, पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. कंपनीचा माणूस येत नाही. – मुख्याध्यापक, मालवण तालुका

गुरुजी, हे दोन वेगळे बिघाड आहेत. तुमच्या बोर्डाच्या चारी कडांना काळी चौकट असेल, तर तो बहुधा इन्फ्रारेडवर चालतो. चौकटीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची जाळी पडद्यासमोरून गेलेली असते. ती जिथे अडते, तिथे 'स्पर्श झाला' असं बोर्ड समजतो. ते बोट आहे, शर्टाची बाही आहे की दिव्यावरचा किडा, हे त्याला कळत नाही. पावसाळ्यात कौलारू वर्गात किडे, पाली, कोळिष्टकं यांना तोटा नाही. बोर्ड बंद करून चौकटीची आतली कड मऊ कोरड्या फडक्याने सगळीकडून पुसा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तेही अडवा. बहुतेक वेळा भूत तेवढ्याने उतरतं.

रेघ बाजूला उमटते ते प्रोजेक्टर हलल्यामुळे. वाशाला टांगलेला प्रोजेक्टर वाऱ्या-पावसात जरा जरी सरकला, तरी चित्र सरकतं आणि बोर्डाचा हिशोब चुकतो. सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे पेन आणि चित्र पुन्हा जुळवून घ्यायची सोय, असते. पडद्यावर येणाऱ्या फुल्यांवर क्रमाने पेन टेकवायचं. चौथीच्या मुलांना शिकवून ठेवा, ती तुमच्याआधी करतील.

मुंबईचं ग्रामस्थ मंडळ गणपतीत शाळेला बोर्ड देणार आहे. प्रोजेक्टरवाला घ्यावा की टीव्हीसारखा पॅनेल? – शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, दापोली तालुका

पॅनेल. प्रोजेक्टरसाठी वर्गात अंधार करावा लागतो, त्याचा दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो, आणि आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. पॅनेलमध्ये ही कटकट नाही. पण तो वजनाने भारी असतो. जांभ्याच्या जुन्या भिंतीत खिळे ठोकून भागणार नाही, गवंड्याला आधी भिंत दाखवा.

मंडळाला आणखी एक सांगा: अर्थिंग आणि चांगल्या इन्व्हर्टरसाठी पैसे वेगळे काढा. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. आणि विक्रेत्याला विचारा की सॉफ्टवेअरचे पैसे दरवर्षी भरावे लागतात का. गूगलने जॅमबोर्ड हा आपला डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर छोट्यांचं काय सांगावं! पाटीवर देणगीदारांचं नाव कोरण्याआधी वॉरंटीचा कागद वाचलेला बरा.

वाडीत रेंज नाही. बोर्ड नुसता शोभेचा झालाय. – शिक्षक, राजापूर तालुका

रेंजची गरजच कमी आहे, सर. ओपनबोर्ड हे फळ्यावर लिहायचं फुकट सॉफ्टवेअर एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचं साहित्य सरकारच्या दीक्षा अॅपवर उतरवून ठेवता येतं. फेट (PhET) या संकेतस्थळावरची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, हीही उतरवून घेता येतात, बरीच मराठीत आहेत. केंद्रशाळेत बैठकीला जाल तेव्हा पेनड्राइव्ह खिशात ठेवा.

मुलगी पहिलीत आहे. सगळं बोटाने फळ्यावर लिहिते, अक्षर बिघडेल का? – पालक, श्रीवर्धन

बोटाने गिरवल्याने अक्षराचं वळण कळतं, पण पेन्सिल धरायची पकड येत नाही. तिला पाटी-वही लागतेच. शाळेत रोज वहीवर लेखन होतं का, एवढं बाईंना विचारा. होत असेल तर फळ्यावर खुशाल गिरवू दे. 'क्ष' आणि 'ज्ञ' चं वळण तर तिथे मोठं दिसल्यामुळे लवकर बसतं.