८८ टक्के आणि ८८ पर्सेंटाइल

मुलाला बारावीला ८८ टक्के आहेत आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, ८८ पर्सेंटाइल. आजोबा म्हणतात, दोन्हीकडे सारखेच की! पण मित्रांना ९७-९८ मिळालेत, त्यामुळे हा खोलीबाहेर येत नाही. इतकं वाईट झालंय का? – एक आई, चाळीसगाव

सारखे नाहीत, ताई. टक्के म्हणजे पदरात पडलेले मार्क. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. त्याच्या सत्रात पेपर दिलेल्या शंभरातले ८८ जण त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०० पैकी त्याचे मार्क कदाचित शंभराच्या आतबाहेरच असतील. बोर्डाच्या पेपरात मांडणीलाही मार्क असतात. इथे फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उडवायचे. चांगली, सावकाश विचार करणारी मुलं नेमकी तिथे अडकतात.

आता रांग मोजू. २०२५ मध्ये पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाची परीक्षा साधारण ४ लाख २२ हजार मुलांनी दिली. त्या हिशेबाने ८८ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे पन्नास हजार मुलं. यातले सगळेच कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरत नाहीत, आणि राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत. प्रवेश मिळणार. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामवंत कॉलेजातलं कॉम्प्युटर मात्र मिळणार नाही; ते आजच त्याला सांगून टाका, म्हणजे यादी पाहताना रोज नव्याने वाईट वाटणार नाही.

मला ९२.४ पर्सेंटाइल आहेत, ओपन. पसंतीच्या यादीत मोठी कॉलेजं वर टाकली तर खालचं हातचं जाईल, असं क्लासचे सर म्हणतात. – एक विद्यार्थिनी, सातारा

नाही जात. हा गैरसमज दरवर्षी नव्याने उगवतो. तुझा मेरिट नंबर आला की संगणक तुझी यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा असेल तिथे थांबतो. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्या कॉलेजात तुझा नंबर मागे जात नाही.

धोका उलटा आहे. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तो आपोआप फ्रीज, म्हणजे तीच जागा कायम, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं तरी तेच. म्हणजे 'हमखास मिळेल' म्हणून नावडतं कॉलेज वर टाकलंस, तर तेच गळ्यात पडेल. यंदाचं माहितीपत्रक वाच, नियम बदलत असतात.

कटऑफची पीडीएफ उघडलीस की रकान्याच्या नावाकडे बघ. सुरुवातीला 'एल' असेल तर ती मुलींची जागा. शेवटी 'एच' म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात, तिथल्याच मुलांसाठी, 'ओ' म्हणजे बाहेरच्यांसाठी, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. तू शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातली. पुण्याच्या कॉलेजचा 'एच' पाहून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर साठ कॉलेजं अशी चुकीच्या रकान्यावरून उतरवून आणली होती. अक्षर सुंदर होतं, पण सगळी यादी पुन्हा करावी लागली. आणि पसंतीक्रम ३०० पर्यंत देता येतात. दहावर थांबू नकोस.

मुलाला सीईटी रिपीट करू द्यावी का? – एक वडील, परभणी

आधी रिस्पॉन्स शीट (त्याने दिलेल्या उत्तरांची नोंद) उघडून त्याच्याबरोबर बसा. किती प्रश्न येत नव्हते आणि किती नुसतेच राहून गेले, हे मोजा. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी वीस-पंचवीस प्रश्न कोरे सोडून आलेली मुलं मी पाहिलीत. वेळेमुळे मार्क गेले असतील आणि त्याला स्वतःला पुन्हा बसायचं असेल, तर विचार करा. अकरावीच कच्ची असेल (तिचा पेपरात वाटा साधारण २० टक्के) आणि बारावीही ओढूनताणून झाली असेल, तर मिळेल ते कॉलेज घेतलेलं बरं. शेजारच्याचा मुलगा रिपीट करून कुठे गेला, हा निकष धरू नका.

एजंट म्हणतो, डोनेशन द्या, मॅनेजमेंटची सीट पक्की. – नाव नको

खासगी कॉलेजांत काही जागा संस्थास्तरावर भरल्या जातात हे खरं. पण त्याही अर्ज मागवून, गुणवत्ता यादी लावूनच. फीव्यतिरिक्त पैसे घेणं १९८७ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन अर्ज भरा, पोच घ्या. एजंटाला म्हणा, लेखी दे. तो पुन्हा फोन करणार नाही.